लॉकहार्ट ऑफ कार्नवाथ: अठराव्या शतकातल्या स्कॉटिश राजकारण्याचं चरित्र लिहायचं कसं

जुन्या स्कॉटिश राजकारणावर काहीतरी लिहायचंय पण सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. १७०७ च्या आसपासचा एकच माणूस पकडा आणि हात धुवून त्याच्या मागे लागा. आधी युनियन, म्हणजे इंग्लंड आणि स्कॉटलंड १७०७ मध्ये एक झाले ते, समजून घेऊ, मग चर्चची भांडणं समजून घेऊ, मग माणसाकडे वळू असा प्लॅन केलात तर वर्षभर नुसतं वाचतच बसाल आणि कागदावर एक ओळ येणार नाही. माणूस कोण तर माझं मत जॉर्ज लॉकहार्टला, म्हणजे लॉकहार्ट ऑफ कार्नवाथ. मंत्री कधी झाला नाही, सरदारकी नव्हती, आयुष्यभर हरणाऱ्या बाजूलाच राहिला, पण स्कॉटलंडची पार्लमेंट बंद झाली त्या काळाबद्दल जे चटपटीत किस्से लोक अजून सांगतात त्यातले बरेचसे याच्याच लेखणीतून आलेत, आणि त्याच्यावर लिहिताना खरी गोम तिथेच आहे. ती पुढे येईलच.

सगळ्यात आधी नावाचा घोळ निस्तरा. सर्च केलंत की जॉर्ज लॉकहार्ट पोत्याने सापडतात. याचा बाप सर जॉर्ज लॉकहार्ट, हा स्वतः जॉर्ज, याचा मुलगा पण जॉर्ज. म्हणून जमिनीचं नाव चिकटवून लिहायची सवय लावून घ्या, लॉकहार्ट ऑफ कार्नवाथ, फ्लेचर ऑफ सॉल्टून, क्लार्क ऑफ पेनिकुक, तिकडे माणूस त्याच्या इस्टेटीवरूनच ओळखला जायचा. दुसरा घोळ 'लॉर्ड'चा. कोर्ट ऑफ सेशन, म्हणजे स्कॉटलंडचं वरचं दिवाणी कोर्ट, तिथले जज स्वतःला लॉर्ड अमुक म्हणवून घ्यायचे पण ते सरदार नसायचे, म्हणजे लॉर्ड ग्रेंज वाचलं की हाउस ऑफ लॉर्ड्स डोक्यात आणू नका, तो साधा जेम्स अर्स्किन, अर्ल ऑफ मारचा धाकटा भाऊ. तिसरा घोळ सगळ्यात चिवट, माणूस तोच पण वारसाने नवीन किताब मिळाला की कागदपत्रांत नाव बदलतं. १७०७ मध्ये स्कॉटलंडचा चान्सलर, म्हणजे पार्लमेंटच्या अध्यक्षस्थानी बसणारा मोठा अधिकारी, असलेला सीफील्ड १७११ नंतर अर्ल ऑफ फिंडलेटर म्हणून दिसतो, आणि हे माहीत नसेल तर या अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात भारी ट्विस्ट तुमच्या हातून निसटतो. एका कागदावर माणूस, त्याचे किताब आणि वर्षं लिहून समोर ठेवा. कंटाळवाणं काम आहे पण करा.

जन्मसाल. जुन्या पुस्तकांत १६७३ दिसेल, अलीकडच्या अभ्यासात १६८१ च्या आसपास. नुसतं 'मतभेद आहेत' लिहून सोडू नका, आई कोण होती ते बघा. ती बापाची दुसरी बायको, फिलाडेल्फिया व्हार्टन, तेव्हा दुसरं लग्न कधीचं हे तपासलं की कुठलं साल बसतं ते आपोआप कळतं. तुम्ही '१६८१ च्या सुमारास' लिहिलंत तर कोणी हरकत घेणार नाही.

तारखांचं मात्र नीट बसून समजून घ्या, कारण इथे भलेभले गंडतात. तेव्हा ब्रिटनमध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, युरोपातल्या बहुतेक देशांत नवीन, आणि १७०० नंतर दोन्हीत ११ दिवसांचा फरक होता. त्यात भर म्हणजे स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारीला वर्ष सुरू करायचं ठरवलेलं पण इंग्लंडमध्ये कायद्याचं वर्ष थेट १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलायचं. म्हणजे १६ जानेवारीला एडिंबरात युनियनचा कायदा पास झाला तेव्हा एडिंबराच्या हिशोबात ते १७०७ आणि लंडनच्या हिशोबात अजून १७०६. म्हणूनच स्कॉटिश कायद्याच्या नावात १७०७ आणि इंग्लिश कायद्याच्या नावात १७०६ दिसतं, दोन्ही बरोबर आहेत, कोणाची टायपिंगची चूक नाही. तुम्ही वर्ष १ जानेवारीपासून धरा, दिवस जुन्या कॅलेंडरचाच ठेवा, आणि असं केलंय हे लेखात एकदाच सांगून टाका. पुढे लॉकहार्टची इटलीत राहणाऱ्या हद्दपार स्टुअर्ट दरबाराशी पत्रं सुरू होतात तिथे तिकडून आलेल्या पत्रावर नवीन तारीख असते, त्यातून ११ दिवस वजा केले नाहीत तर उत्तर पत्राच्या आधीच पोचलेलं दिसेल, तेव्हा घाबरू नका.

आता घर. चरित्रात वंशावळ टाकायची म्हणून टाकतात आणि वाचणारा तिथेच पळतो, पण या माणसाच्या बाबतीत घर वगळून पुढे जाताच येत नाही. बाप सर जॉर्ज हा कोर्ट ऑफ सेशनचा लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे देशातला सगळ्यात मोठा जज. जॉन चीझली नावाच्या माणसाचं बायकोशी भांडण लवादाकडे गेलं, लवादाने बायकामुलांना पोटगी द्यायला लावली, त्याचा राग धरून चीझलीने ३१ मार्च १६८९ ला, रविवारी, चर्चमधून घरी चाललेल्या सर जॉर्जला एडिंबरात भर रस्त्यात पाठीमागून गोळी घातली. पळालाही नाही, जागीच पकडला, हात तोडून फाशी दिलं. आपला जॉर्ज तेव्हा लहान पोर. आता याच चीझलीची मुलगी रेचल, तिचं लग्न झालं वर सांगितलेल्या लॉर्ड ग्रेंजशी, आणि जानेवारी १७३२ मध्ये त्याच नवऱ्याने तिला पळवून नेऊन दूरच्या बेटांवर डांबलं, त्यात काही वर्षं सेंट किल्डावर, आणि ती १७४५ मध्ये स्काय बेटावर तशीच कैदेत वारली. आता बघा, हे वाचल्यावर लॉकहार्ट कोण हे कोणाच्या लक्षात तरी राहील का? म्हणून हे एका वाक्यात उरका नाहीतर स्वतंत्र लेख करा, मध्ये घुसवलंत तर बाई अख्खा लेख घेऊन जाईल आणि तिचा काही दोष नाही त्यात.

आईकडची बाजू कमी रंगीत आहे पण जास्त कामाची. आई व्हार्टनांची, म्हणजे लंडनमधला कट्टर व्हिग, म्हणजे स्टुअर्टांना हाकलणाऱ्या बाजूचा, पुढारी थॉमस व्हार्टन हा जॉर्जचा सख्खा मामा. आणि जॉर्ज स्वतः? पक्का जॅकोबाइट, म्हणजे १६८८ मध्ये हाकललेल्या स्टुअर्ट घराण्यालाच खरा राजा मानणारा, धर्माने एपिस्कोपेलियन, म्हणजे बिशप मानणाऱ्या पंथाचा, आणि बिशप न मानणाऱ्या प्रेसबिटेरियन चर्चशी, म्हणजे स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चशी, उभा दावा. १७०६ मध्ये युनियनची बोलणी करायला दोन्ही देशांचे ३१-३१ कमिशनर नेमले तेव्हा स्कॉटलंडच्या यादीत सगळे सरकारच्या भरवशाचे आणि त्यात हा एकटा विरोधक, कारण कोणालातरी वाटलं मामाच्या ओळखीने भाचा वळेल. भाच्याने आपल्या कंपूला विचारलं, जाऊ का नको? ते म्हणाले जा, आत बस, ऐक, काही बोलू नको. तो गेला, बसला, ऐकलं, आणि जुलैमध्ये सह्या करायची वेळ आली तेव्हा सही न करता निघून आला. चरित्राची सुरुवात इथून करा असं मी म्हणेन, जन्मापासून नाही. सरकारने निवडलेला माणूस सरकारच्या टेबलावर बसून हेरगिरी करतोय, एवढ्या एका सीनमध्ये नातेवाईक, धर्म, पार्टी, स्वभाव सगळंच येतं. बाकीचं मग मागे जाऊन सांगता येतं.

पार्लमेंटबद्दल किती लिहायचं? थोडंच, पण अचूक. स्कॉटलंडची पार्लमेंट एकाच सभागृहाची होती, सरदार, परगण्यांचे प्रतिनिधी आणि शहरांचे प्रतिनिधी सगळे एडिंबरात एकाच हॉलमध्ये बसायचे. लॉकहार्ट तिथे १७०३ पासून एडिंबराशायरकडून, ज्याला मिडलोथियन पण म्हणतात. मतदार म्हणजे मूठभर जमीनदार, तेव्हा 'जनतेने निवडून दिलं' असलं वाक्य चुकूनही लिहू नका. पार्टी म्हणजे आजच्यासारखी पार्टी नाही, क्वीन्सबेरीच्या भोवतीचा दरबारी गट, हॅमिल्टनच्या मागचा विरोधी गट, त्यातच जॅकोबाइट ज्यांना कॅव्हेलियर म्हणायचे, आणि मध्ये स्क्वाड्रोन नावाचा छोटा गट ज्याने ऐन वेळी युनियनच्या बाजूने पारडं झुकवलं. पार्श्वभूमीला पनामातली डेरियनची स्कॉटिश वसाहत बुडाली, ज्यात अर्ध्या देशाने पैसे घातलेले, आणि १७०५ चा इंग्लंडचा एलियन ॲक्ट, ज्यात बोलणी केली नाहीत तर स्कॉटिश मालावर बंदी घालू अशी सरळ धमकी, या दोन गोष्टी पुरेत. ४ नोव्हेंबर १७०६ ला पहिलं कलम ११६ विरुद्ध ८३ ने पास झालं, १ मे १७०७ पासून युनियन लागू. आकडे हे एवढेच द्या.

आता ती गोम. लॉकहार्टने या सगळ्याच्या आठवणी लिहून ठेवल्या आणि १७१४ मध्ये त्या त्याच्या परवानगीशिवाय, लेखकाच्या नावाशिवाय छापल्या गेल्या, लोकांची नावं पूर्ण न छापता नुसती अक्षरं आणि रेघा, मग कोण कोण ते सांगणारी किल्ली वेगळी छापून आली. शहरभर बोंबाबोंब, कारण त्यात त्याने प्रत्येकाची सालटी काढलीत. आणि लिहितो इतकं झकास की गेली ३०० वर्षं लोक त्याच्यातूनच उचलतायत. जानेवारी १७०७ मध्ये विरोधकांनी एकदम सभात्याग करायचा ठरवलेला आणि ऐन दिवशी नेता ड्यूक ऑफ हॅमिल्टन म्हणतो दात दुखतोय, येत नाही, हे सांगतो लॉकहार्ट. चान्सलर सीफील्डने कायद्याच्या प्रतीवर सही करून ती पार्लमेंटच्या कारकुनाच्या हातात देताना 'संपलं एकदाचं ते जुनं गाणं' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, हेही सांगतो लॉकहार्टच. नंतरच्या लोकांनी तेच वाक्य उचलून पार्लमेंटच्या शेवटच्या दिवशी नेऊन चिकटवलं कारण तिथे जास्त शोभतं. म्हणजे तुमचा हिरो हाच तुमचा मुख्य साक्षीदार, आणि तो साक्षीदार हरलेला, चिडलेला, पहिल्यापासून दुसऱ्या राजाला विकलेला. खोटं बोलतो असं नाही म्हणत मी, पण तो बोलतो ते कोर्टात बोलल्यासारखं समोरच्याला फाशीला चढवायला बोलतो.

मग करायचं काय? प्रत्येक किश्श्याला एक प्रश्न विचारा, हे लॉकहार्टशिवाय दुसरं कोण सांगतंय? पार्लमेंटचं रेकॉर्ड ऑनलाइन फुकट आहे, सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीने टाकलंय, १७०६-०७ च्या मतदानांच्या याद्या नावानिशी मिळतात, तेव्हा अमुक दिवशी कोणी काय मत दिलं ते स्वतः बघता येतं. लॉकहार्ट कोणाला गद्दार म्हणाला की पहिलं जाऊन त्याची मतं बघा. दुसरं, त्याच काळात एडिंबरात डॅनियल डिफो बसलेला, इंग्लंडच्या मंत्र्याचा, हार्लीचा, पगारी माणूस, तोही रोज कळवतोय, म्हणजे एकाच रस्त्यावरचा दंगा एक हेर इकडून सांगतो आणि दुसरा तिकडून. तिसरा सर जॉन क्लार्क ऑफ पेनिकुक, त्याच ३१ जणांतला, पण याने सही केली. क्लार्क युनियनवाला असूनही कबूल करतो की सामान्य लोकांना हे बिलकुल नको होतं. लॉकहार्ट आणि क्लार्क एका गोष्टीवर सहमत झाले की ती डोळे झाकून लिहा. जिथे लॉकहार्ट एकटाच आहे तिथे 'लॉकहार्टच्या म्हणण्याप्रमाणे' असं जोडा आणि किस्सा ठेवा, काढून टाकू नका, दातदुखी काढली तर उरतं काय.

एक गोष्ट जवळून करून दाखवतो म्हणजे पद्धत कळेल. लाचेची यादी. १७११ मध्ये लॉकहार्ट सरकारी खर्च तपासणाऱ्या कमिशनवर निवडून आला आणि तिथून त्याने ते सुप्रसिद्ध प्रकरण बाहेर काढलं, की १७०६ मध्ये लंडनहून गुपचूप २०,००० पौंड आले आणि ते अर्ल ऑफ ग्लासगोच्या हातून वाटले गेले. यादीची बेरीज २०,५४० पौंड १७ शिलिंग ७ पेन्स. पहिला प्रश्न, कुठले पौंड? कारण तेव्हा स्कॉटिश पौंड वेगळा होता आणि १२ स्कॉटिश पौंडांचा १ स्टर्लिंग पौंड व्हायचा. हे स्टर्लिंग आहेत, म्हणजे स्कॉटिश हिशोबात २,४६,४९० पौंड ११ शिलिंग. दुसऱ्या कागदातल्या पगाराशी तुलना करताना हे बघितलं नाहीत तर १२ पटीने गंडाल. आता नावं. लॉर्ड बॅन्फला ११ पौंड २ शिलिंग, आणि हाच आकडा सगळे हसून हसून सांगतात की बघा देश ११ पौंडात विकला. पण वर बघा, क्वीन्सबेरीला १२,३२५ पौंड. म्हणजे एकूण रकमेतला साधारण ६० टक्के भाग एकट्या माणसाला, आणि तो राणीचा हाय कमिशनर, म्हणजे स्कॉटिश पार्लमेंटमधला तिचा प्रतिनिधी, होता ज्याचा दरबारी थाटमाट त्यातूनच चालायचा, म्हणजे ही लाच का खर्च हा वाद तिथेच सुरू होतो. मार्चमाँटला ११०४ पौंड १५ शिलिंग ७ पेन्स, आता सांगा, लाच द्यायची झाली तर कोणी ७ पेन्सपर्यंत मोजून देतं का? थकलेला पगार देताना देतात. सरकारने बचाव हाच केला की ही जुनी थकबाकी आहे. आणि मग यादीत ड्यूक ऑफ अथॉल, १००० पौंड, आणि मतदानाच्या याद्या उघडा, अथॉलने युनियनच्या विरोधात मत दिलंय. पैसे घेतले आणि विरोधात गेला! पण दुसऱ्या बाजूने, थकबाकी तर बऱ्याच जणांची होती, मग नेमकी याच तीसेक लोकांची, नेमकी याच वेळेला, आणि लपूनछपून का चुकती झाली? स्क्वाड्रोनवाले ट्वीडेल १००० पौंड आणि रॉक्सबर्ग ५०० पौंड यांनी तर ऐन वेळी बाजू पक्की केली. माझं मत विचाराल तर पैसे लाच म्हणून दिले का माहीत नाही पण ज्यांना दिले त्यांना कशासाठी दिले हे बरोबर कळलेलं होतं. तुमचं वेगळं असू शकतं, लेखात आकडे, अथॉल आणि ७ पेन्स हे तिन्ही येऊ द्या म्हणजे वाचणारा आपलं आपण ठरवेल.

युनियननंतरचा भाग लोक घाईत उरकतात, १७०७ ला पार्लमेंट संपली तशी यांची गोष्टपण संपते. ते करू नका, लॉकहार्टचं खरं करिअर तर तिथून सुरू होतं. वेस्टमिन्स्टरमध्ये स्कॉटलंडला कॉमन्समध्ये ४५ जागा आणि लॉर्ड्समध्ये निवडलेले १६ सरदार, आणि ज्या युनियनला हा विरोध करत होता त्याच पार्लमेंटमध्ये हा १७०८ पासून १७१५ पर्यंत खासदार. तिथे त्याचा डाव बघण्यासारखा आहे. ग्रीनशील्ड्स नावाच्या एपिस्कोपेलियन पाद्र्याला एडिंबरात इंग्लिश पद्धतीची प्रार्थना घेतली म्हणून तुरुंगात टाकलेलं, लॉकहार्ट आणि त्याच्या लोकांनी ते अपील लंडनला लावून धरलं आणि १७११ मध्ये लॉर्ड्सने निकाल फिरवला. मग १७१२ मध्ये एपिस्कोपेलियनांना मोकळीक देणारा कायदा आणि पाद्री नेमायचा हक्क परत जमीनदारांना देणारा कायदा, दोन्हीमागे हा होता. प्रेसबिटेरियन लोक भडकले, आणि ते भडकावेत हेच तर याला हवं होतं, युनियनचे खंदे समर्थक तेच होते, त्यांनाच युनियन नकोशी झाली की काम झालं. हुशारी म्हणा नाहीतर खुनशीपणा.

त्यानंतर १७१३ चा माल्टवरचा, म्हणजे बिअरसाठी लागणाऱ्या मोड आणलेल्या धान्यावरचा, कर, आणि त्यावरून सगळ्या पार्ट्यांचे स्कॉटिश खासदार एकत्र येऊन म्हणाले की युनियनच मोडा. १ जून १७१३ ला लॉर्ड्समध्ये ठराव आला. हजर असलेल्यांची मतं ५४-५४, मग गैरहजर लोकांनी दुसऱ्यांच्या हाती दिलेली मतं मोजली, १३ विरुद्ध १७, आणि युनियन ४ मतांनी वाचली. आणि ठराव मांडला कोणी? अर्ल ऑफ फिंडलेटरने. म्हणजे आपला जुना सीफील्ड, तोच चान्सलर, तोच गाण्यावाला. नावांचा कागद समोर ठेवा म्हटलं होतं ते याच्यासाठी.

१७१५ चं जॅकोबाइटांचं बंड आलं तेव्हा सरकारने लॉकहार्टला आधीच उचलून एडिंबराच्या किल्ल्यात टाकलेलं, म्हणून तो वाचला. धाकटा भाऊ फिलिप बंडात गेला, प्रेस्टनला पकडला गेला, आणि तो इंग्लिश सैन्याचा अर्धा पगार, म्हणजे कामावर नसलेल्या अधिकाऱ्याला मिळतो तो, खात होता म्हणून त्याला साधा बंडखोर न धरता पळपुटा सैनिक धरून डिसेंबरमध्ये गोळ्या घातल्या. इथे भाषा आवरती घ्या, तारीख आणि कारण एवढं बस्स आहे.

पुढची दहाएक वर्षं म्हणजे पत्रं. १७१८ पासून तो हद्दपार जेम्सचा, म्हणजे गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट वारसाचा, स्कॉटलंडमधला मुख्य माणूस, इकडच्या बातम्या तिकडे आणि तिकडचे हुकूम इकडे, आणि मध्ये जॅकोबाइटांची आपापसातली भांडणं मिटवायची, ज्यातलं एकही त्याला मिटवता आलं नाही. १७२७ मध्ये पत्रं सरकारच्या हातात पडली आणि तो हॉलंडला पळाला, १७२८ मध्ये परत येऊ दिलं, त्यानंतर राजकारण बंद. हा पत्रव्यवहार १८१७ मध्ये त्याच्या बाकीच्या कागदांबरोबर छापून आला, स्कॅन सहज मिळतात. वाचताना आठवणी आणि पत्रं शेजारी ठेवा. आठवणी लिहिणारा लॉकहार्ट सगळ्यांना ओळखून असतो, पत्रातला लॉकहार्ट आशेवर जगणारा, पुढच्या वर्षी नक्की काहीतरी होईल म्हणणारा, आणि हे दोन्ही एकाच माणसाचे आवाज तुमच्या लेखात ऐकू आले पाहिजेत, नाहीतर नुसता कडवट म्हातारा तयार होईल.

१७ डिसेंबर १७३१ ला तो द्वंद्वयुद्धात मेला. बाप गोळीने, भाऊ गोळीने, हा असा, तेव्हा शापित घराणं वगैरे लिहायची खुमखुमी येईल, ती दाबा. समोर कोण होता, भांडण कशावरून, हे भरवशाने सांगता येत नसेल तर एका वाक्यात तारीख द्या आणि उरलेली जागा लाचेच्या यादीला द्या. प्रसिद्ध करायच्या आधी शेवटचं एक काम, लेखात जिथे जिथे पौंड आहे तिथे स्टर्लिंग का स्कॉटिश, आणि जिथे जिथे जानेवारी ते मार्चमधली तारीख आहे तिथे वर्ष कुठलं, एवढं एकदा पेन्सिल घेऊन तपासा.